दहाच्या खांद्यावरचा तीन

अक्षरं पाटी सोडून पडद्यावर राहायला गेली, त्या वेळची ही गोष्ट बरं का. एका स्लाईडवर पाण्याच्या टाकीचं चित्र होतं आणि टाकीत गळ्यापर्यंत बुडून एक म्हैस बसलेली. खाली दहा लिटर लिहिलेलं, पण दहाच्या खांद्यावर चिमुकला तीन बसायचा, म्हणून त्या दहाचे एक हजार व्हायचे.

शेजारची अक्षरं तिनाला चिडवत, "काय रे शेंगदाण्या, अजून खांद्यावरच?"

तीन रुसला. पडद्यावरच्या बाणाला म्हणाला, "बाणूदादा, मला खाली उतरव आणि मोठा कर."

बाण बिचारा सांगाल ते करणारा. त्याने केलं.

तीन छाती काढून दहाच्या शेजारी उभा राहिला. झाले की एकशे तीन! टाकीतलं पाणी सर्रकन म्हशीच्या खुरांपाशी आलं.

"कुणी रे मेल्यांनो बोळा काढला?" म्हैस ओरडली. चित्रातलं ऊन तिच्या पाठीला चटके देऊ लागलं.

"म्हशीमावशी, बघ ना, मी केवढा झालो!"

"झालास हो बाबा. आता तुझ्यातच डुंबू का मी?"

तिनाने तिची तापलेली पाठ पाहिली आणि मान खाली घातली.

"बाणूदादा, मला वर चढव. आणि लहान करायला विसरू नकोस हं!"