भोंग्याला कान

“मग माझं कुणी ऐकत का नाही, बाबा?”

विचारणारे मकरंद टिपरे, तालुक्याचे प्रसिद्धी अधिकारी. जनसंवाद या विषयात एम.ए. आम्ही चौथीतच मास्तरांशी संवाद तोडलेला, त्यामुळे अशा माणसांबद्दल आम्हाला भारी आदर.

नदीकाठी लतीफबाबा फकिरांचा तकिया, म्हणजे त्यांची मठी. त्यासमोर साहेबांची जीप उभी. टपावर भला थोरला भोंगा.

उद्या सकाळी धरणाचं पाणी सुटणार होतं. खाली कोरड्या पात्रात कलिंगडाच्या वाड्या, वाड्यांत झोपड्या, झोपड्यांत लेकरंबाळं. आणि एकही माणूस जागचा हलायला तयार नाही.

“हं,” बाबा म्हणाले.

“सकाळपासून काठावरून ओरडतोय. धोक्याची सूचना, सुरक्षित स्थळी स्थलांतर… सगळं शुद्ध भाषेत!”

“हं.”

“पेपरात दिलं. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाठवलं.”

“हं.”

“तरी ढिम्म! उद्या त्यातलं एखादं पोर वाहून गेलं, तर मी कुठल्या तोंडानं जगू?”

बाबा गप्प.

“नाही, मी काय म्हणतो… त्या लोकांना… म्हणजे…”

बाबा गप्पच.

साहेबांनी घसा खाकरला. आम्ही शेजारी हसू दाबत, मिशी चावत बसलो.

“बाबा… ऐकताय ना?”

“ऐकतोय की. थांबलास का?”

“तुम्ही ‘हं’ म्हणायचं सोडलंत…”

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. एम.ए.ला हे शिकवत नसावेत.

बाबा उठले. गुडघे धरत, कण्हत जीपच्या बॉनेटवर चढले. म्हातारा आता पडतो म्हणून ड्रायव्हर हात पसरून धावला.

बाबांनी भोंग्याच्या तोंडाला कान लावला. डोळे मिटले.

“हे काय करताय?”

“श्श… वाडीतली माणसं ‘हं’ म्हणतायत का, बघतो.”

साहेबांना हसू फुटलं. “अहो बाबा, त्यातून आवाज जातो. येत नाही!”

बाबांनी कान काढला नाही.

साहेबांचं हसू अर्ध्यातच राहिलं…

बराच वेळ ते खालच्या झोपड्यांकडे बघत उभे राहिले. एका झोपडीतून चुलीचा धूर निघत होता. मग त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ड्रायव्हरला सांगितलं, “तू थांब इथंच. तो भोंगा बंद कर.”

वाळूत उतरले. चार पावलं गेले नाहीत, तोच मागे वळले. चेहरा पहिलीतल्या पोरासारखा. आम्हालासुद्धा चिडवायचं सुचेना.

“बाबा… काय सांगू त्यांना?”

बाबा बॉनेटवरूनच म्हणाले,

“सांगू काही नको, बेटा. आधी विचार, कलिंगडं कितपत भरलीत.”