ठशातलं हसू

“चित्राची दुसरी प्रत असेल ना, उस्ताद?”

“कुठून असेल?” म्हातारा गेन्बेई कोरणीला धार लावत होता. “चित्राचा कागद फळीवर उलटा चिकटवायचा आणि कागदासकट लाकूड कोरायचं. ठसा तयार होतो, चित्र संपतं. सगळ्या एदो शहरात हेच चालतं.”

त्याच्या हाताखाली शिकणारी ओकिनू फळीवर वाकली. पाठीशी बांधलेली तान्ही लेक तिच्या कानाशी खेळत होती.

फळीवरच्या चित्रात नदीकाठचं चहाघर होतं. उन्हाळ्यातली संध्याकाळ, आभाळात शोभेची दारू, आणि वर बघून हसणारी एक बाई. तिच्या ओठांची केसाएवढी रेघ...

तिथे आता खळगा होता.

“हिने कान ओढला आणि कोरणी...”

“लेकीवर ढकलू नकोस.”

“नाही ढकलत. परवा मीच म्हणाले होते, चेहरे मला कोरायला द्या, माझा हात हलत नाही.”

“म्हणालीस खरी. पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं.”

ओकिनू हत्यारं फडक्यात गुंडाळू लागली.

“चित्रकार गेल्या महिन्यात वारले, उस्ताद. हे त्यांचं शेवटचं चित्र. मी उद्यापासून येत नाही.”

गेन्बेईने धार लावलेली कोरणी उचलली. फळी मांडीवर घेतली. खळग्याभोवतीचं लाकूड चौकोनी कापून काढलं, तिथे चेरीच्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवला, घासून सपाट केला.

मग मांडणीवरचा एक जुना ठसा तिच्यापुढे सरकवला.

“यात असे सात तुकडे आहेत. सगळे माझ्या हातचे. शोध.”

ती बोट फिरवत राहिली. डोळे मिटूनही फिरवलं.

एकही सापडला नाही.

कितीतरी वेळाने तिने श्वास सोडला. थोडी हसलीही. लगेच पुन्हा धास्तावली.

“लाकूड बसलं. पण रेघ? ती कशी होती हे सांगायला चित्र नाही, चित्रकारही नाहीत...”

गेन्बेईने लेकीला तिच्या पाठीवरून सोडवून आपल्या मांडीवर घेतलं. लेकीने त्याचा कान धरला. त्याने धरू दिला.

दुसऱ्या हाताने कोरणी ओकिनूपुढे केली.

“ती रेघ शेवटची कुणी पाहिली?”

“...मी.”

“मग मला काय विचारतेस?”