नाव नसलेल्या यंत्राचा पट्टा

मंजुळाच्या सुतार नवऱ्याचं जुनं यंत्र एकटंच करवत, रंधा नि लाकूड कातायचा लेथ अशी तिन्ही कामं करायचं. त्यामुळे पट्टा तुटला तसं सगळंच बंद पडलं. महिना झाला, नवरा भालचंद्र यंत्राशेजारी हातावर हात ठेवून बसून होता. तान्ही लेक पोटाशी धरून मंजुळानं चार दुकानं पालथी घातली. मिरजेतलं लोहोकरे शेठचं हे पाचवं, आणि शेवटचं.

शेठनं तुटक्या पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दहा, दहा-अ की सुधारित दहा? तू सांगतेस त्या यंत्राचे तीन प्रकार निघाले. पाटीवरचं नाव वाचून ये, बाई."

"पाटी झिजली हो. माप तरी बघा."

"नावाशिवाय मी मालाला हात लावत नाही."

तेवढ्यात पोर रडायला लागली, तशी मंजुळा पायरीवरच बसून तिला पाजू लागली.

"नाव काय पोरीचं?" शेठनं उगाच विचारलं.

"बारसं राहिलंय, शेठ. पण नाव नाही म्हणून उपाशी नाही ठेवली. भूक बघते नि पाजते."

शेठनं तुटका पट्टा उचलून मापाला लावला. "एवढा एकच उरलाय, घे. पण बारसं का गं राहिलं?"

"पाळण्याचे पाय त्याच यंत्रावर अर्धे कातून पडलेत."