दहावं माणिक

एका राज्यात चंद्रकेतू नावाचा राजा होता. त्याच्या डोंगरांत माणकं पिकत, जशी इतरांच्या रानात बोरं पिकतात. त्या माणकांचा पारखी होता अंबरशेट. खडा नुसता उन्हात धरला की तो कुठल्या खाणीतला, त्याच्या पोटात रेष किती, हे तो सांगे. त्याची बायको मालन दागिने रेशमाच्या दोऱ्यात ओवी. तीस वर्षं दोघं एकाच खिडकीशी समोरासमोर बसून काम करत आली होती. मूलबाळ नव्हतं. तो खडा पारखी, ती ओवी, आणि दिवस मावळे.

राजाची कन्या कनकलेखा हिचं लग्न समुद्रापलीकडच्या राजपुत्राशी ठरलं. राजा वऱ्हाड घेऊन पुढे निघाला. निघताना त्याने अंबरशेटला दहा माणकं मोजून दिली. नऊ माणकं नवरीच्या हाराची, दहावं जकातीचं. पलीकडच्या बंदराची रीतच तशी होती. दहा रत्नांमागे एक रत्न जकातघरात ठेवावं आणि सुखाने पुढे जावं. हार नवरीच्या गळ्यावर बेतून ओवायचा, म्हणून मालननेही बरोबर जायचं ठरलं.

दहाही माणकं चांगली होती. पण दहावं हातात धरलं की तळव्याला ऊब लागे. अंबरशेट ते सारखं काढून पाही. जहाज निघालं, तिसरा दिवस उजाडला, आणि त्याने मनातलं मालनला सांगितलं. हे माणिक द्यायचं नाही. राजमुद्रेची पेटी त्या बंदरात फोडत नाहीत, मालकाच्या शब्दावर सोडतात. पेटीत काचेचे मणी आहेत म्हणायचं, म्हणजे जकातच लागत नाही.

मालन म्हणाली, "अहो, देऊन टाका ते. मला गळ्यात काही नको."

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांची मापं घेतली," अंबरशेट म्हणाला. "एकदा तुझं घेऊ दे."

 पेटी पुढे राजाच्या हाती जायची होती, म्हणून दहावं माणिक त्याने तिच्या अंबाड्यात खोचलं, तेव्हा ती मान खाली घालून बसली होती.

जहाजावरच्या खलाशांनी सांगितलं होतं की त्या बंदराचा जकातदार ताम्राक्ष हा मांत्रिक आहे, आणि त्याच्या ताम्रपटावर जे लिहिलं जाईल ते खरं होऊन बसतं. खलाशी काहीही सांगतात, असं म्हणून अंबरशेटने ते सोडून दिलं होतं.

जकातघर बंदराच्या पायऱ्यांवरच होतं. ताम्राक्ष दारात बसला होता, खांद्यावर साळुंकी, मांडीवर तांब्याचा पत्रा. व्यापाऱ्याच्या घरच्या बाईला आत नेऊन तिचं अंग चाचपत, केसांतलं फूलसुद्धा काढून पाहत. जहाजावरच्या नोकरमाणसांना मात्र कोणी हात लावत नसे. ही रीत अंबरशेटला तिथे रांगेत उभं राहिल्यावर समजली. मागे फिरायला वाट नव्हती.

"पेटीत काय?" ताम्राक्षाने विचारलं.

"मंडपाच्या तोरणाचे काचेचे मणी."

"काचेचे मणी," साळुंकी म्हणाली. ताम्राक्षाने लिहिलं.

"आणखी काही?"

"आणखी काही नाही."

"काही नाही," साळुंकी म्हणाली. तेही लिहिलं.

"ही बाई कोण?"

अंबरशेटने मालनकडे पाहिलं नाही. "माझी कुणी नाही. जहाजावर रांधते."

"कुणी नाही," साळुंकी म्हणाली, आणि तिसरी ओळ पत्र्यावर उमटली.

पायऱ्या चढून वर आल्यावर मालन त्याला म्हणाली, "शेटजी, राजवाड्याचा मुदपाकखाना कुठे आला? मला कामाला लागायचं आहे." अंबरशेटला वाटलं, ती सोंग छान वठवते आहे. त्याने हसून वाट दाखवली. ती गेली.

मग बिऱ्हाडी येऊन त्याने पेटी उघडली. आत नऊ काचमणी होते. त्याने उन्हात धरून पाहिले, पुन्हा पाहिले. काचच होती. तो धावत मुदपाकखान्यात गेला. मालन भाजी निवडत बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे पाहावं तसं. अंबाड्यात माणिक नव्हतं. त्याने नावाने हाक मारली, तर तिने पदर सावरला आणि ती आत निघून गेली.

त्याच दिवशी बंदरातलं पाणी ओसरलं ते परत आलंच नाही. जहाजं चिखलात कलंडली. हार आल्याशिवाय लग्न लागेना, आणि वऱ्हाडाला परत जायला पाणी उरलं नाही. सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी अंबरशेट ताम्राक्षासमोर हात जोडून उभा राहिला आणि शाप काढून घ्या म्हणाला.

"मी शाप दिला नाही," ताम्राक्ष म्हणाला. "तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. तीन ओळी आहेत. शेवटची आधी पुसता येत नाही, आणि सगळ्यांत अवघडही तीच आहे. आधी दहावं माणिक आणून इथे ठेवा. मग तुमच्या राजाला भर दरबारात खरं सांगा. मग त्या बाईला सगळं सांगा, आणि तिच्याकडे काही मागू नका."

माणिक बंदराच्या चिखलात आहे, हेही ताम्राक्षानेच सांगितलं. बंदराच्या कोरड्या तळाशी एक म्हातारं कासव राहत होतं, हरवलेल्या वस्तू त्याच्याकडे जात. अंबरशेट कमरेइतक्या चिखलातून तिथवर पोचला. कासवाच्या पाठीवर अंगठ्या, नाणी, नांगराच्या साखळ्या होत्या आणि मध्ये ते माणिक होतं.

"ने," कासव म्हणालं. "पण तुझी पारख मला दे. शंभर वर्षं ही रास पाहतो आहे, यात काय चांगलं आहे ते मला कळत नाही."

अंबरशेटने होकार दिला. त्याने माणिक उचललं, तेव्हा तो तांबडा खडा होता, एवढंच त्याला दिसलं. मागे कासव पहिल्यांदाच मान वळवून आपली रास न्याहाळत होतं. अंबरशेटने माणिक जकातघरात ठेवलं. ताम्रपटावरची 'काही नाही' ही ओळ पुसली गेली.

दरबारात जायला त्याला दोन दिवस लागले. दोनदा तो दारातून परत फिरला. शेवटी तो गेला, काचमणी राजाच्या पायाशी ठेवले, आणि काय लपवलं, का लपवलं, ते सगळं बोलला. व्याही मंडळी ऐकत होती. कनकलेखा पडद्याआड ऐकत होती.

चंद्रकेतूने त्यातला एक मणी उचलून पाहिला. मग म्हणाला, "अंबरशेट, तीस वर्षं तुम्ही माझी रत्नं पारखलीत. दहावं मागितलं असतंत, तर दिलं असतं. जकातीला दुसरं काढलं असतं."

अंबरशेटने तोपर्यंत राजदंडाची भीती धरली होती. हे ऐकून त्याला वाटलं, दंड झाला असता तर बरं झालं असतं. ताम्रपटावरची 'काचेचे मणी' ही ओळही पुसली गेली. काचेच्या जागी माणकं आली, दरबारात सगळे पुढे झाले, कोणी दिपून डोळ्यांवर हात धरला. अंबरशेटला नुसते तांबडे खडे दिसले, काच की माणिक ते कळलं नाही. लोक म्हणाले म्हणून त्याने मानलं.

तिसऱ्या कामाला तो मुदपाकखान्याच्या अंगणात गेला. मालन तांदूळ पाखडत होती. तो दूर बसला आणि त्याने गोष्ट सांगावी तसं सांगितलं. एक पारखी होता, त्याची बायको होती, एक खिडकी होती. बायकोसाठी म्हणून माणिक लपवलं, आणि माणकासाठी बायको नाकारली.

मालनचं सूप थांबलं. "त्या बाईला माणिक हवं होतं का?" तिने विचारलं.

"नव्हतं. तिने तसं सांगितलंही होतं."

"मग त्याने ते तिच्यासाठी कसं लपवलं?"

  अंबरशेटने क्षमा मागितली नाही, कारण काही मागायचं नव्हतं. तो उठला आणि दाराकडे चालू लागला.

इतक्यात समुद्राचा आवाज आला. बंदरात पाणी भरत होतं, जहाजं उभी राहत होती. मागून मालनचा आवाज आला, "अहो, जेवलात का?"

तो वळला. मालन उभी राहिली होती. तीस वर्षांचं बोलणं तिच्या तोंडून आपोआप गेलं होतं, मागचं सगळं आता आठवत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटताना त्याने पाहिलं. शेवटचं आठवलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत," ती म्हणाली.

तिने दुसऱ्या दिवशी नवरीचा हार ओवला. कनकलेखाच्या गळ्यावर तो असा बसला की कोणी बोट ठेवू नये. लग्न थाटात लागलं. परतीच्या जहाजावर मालन अंबरशेटला वेळेवर वाढी, त्याची गेलेली पारख परत आली का ते विचारी. किनारा दिसू लागला तेव्हा ती म्हणाली, "मी भावाच्या गावी जाते. रागाने नाही जात. तुमच्यासमोर बसून ओवणं आता मला जमायचं नाही."

"कधी येशील?" असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते विचारलं नाही. तिचं गाठोडं त्याने स्वतः गाडीत ठेवलं, गाडीवानाला वाट नीट समजावली, आणि गाडी वळणाआड गेल्यावरही तिथेच उभा राहिला.

मालन भावाच्या गावी मानाने राहिली. दूरदूरचे सोनार तिच्याकडे काम पाठवत. लोक जुन्या सवयीने खडे घेऊन अंबरशेटकडे येत, आणि तो त्यांना दुसऱ्या पारख्याचं घर दाखवी. राजाचं राज्य सुखात राहिलं, बंदरं भरली, नवरी नांदली, आणि दहाव्या माणकाची गोष्ट इथे सरली.