तुरेरावांनी लावलेला निरोप

त्या राज्याला एकच भोक होतं. बाकी सगळं कुंपण. पलीकडून निरोप यायचा तो वस्तूंचा. एका दोरीला ओळीने बांधलेल्या वस्तू एकेक करून भोकातून आत सरकायच्या. आली वस्तू की लगेच मांडायची, कारण मागची ढकलत असते; आणि निरोप नेमका काय, ते शेवटची वस्तू ठरवायची. दोरीचं टोक दिसेपर्यंत चोच मिटून बसायचं, एवढंच काम. पण ते कोंबड्यांकडे होतं.

निरोप लावायचा मान तुरेरावांचा. आपण बांग दिल्याशिवाय सूर्याला उठता येत नाही, असं मानणाऱ्या घराण्यातले ते. वस्तू दिसायच्या आधीच तिची जागा पायाने उकरून ठेवायचे, आणि सगळा कळप माना हलवून वाहवा करायचा. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एकच होतं: लेक ठिपकी उजवायची होती, आणि आपल्या तोलाचं स्थळ कुंपणाच्या आत नव्हतं.

पहिला आला नारळ. पाठोपाठ हळद. तुरेरावांचा तुरा ताठ झाला. मागणीच की ही! मग कांदा आला, तेव्हा कळप जरा चपापला. पाठवणीला डोळ्यांत पाणी नको का, असं तुरेरावांनी समजावलं. लसूण दृष्ट लागू नये म्हणून. मीठही त्याचसाठी, मोठ्या घरची दृष्टही मोठी. हंडी आली तेव्हा समजवायचीही गरज पडली नाही. संसार म्हटला की भांडं आलंच.

अंड्यांवर बसलेली खुडूकआजी तेवढी उठून पुढे आली. "तुरेराव, दोरी अजून ताणलेली आहे. मागे काहीतरी आहे."

"असेल की, नवऱ्याचं बाशिंग असेल. शहाण्याला अर्ध्यात कळतं, आजी. तुम्ही अंडी उबवा."

"पोर तुमचीच ना? मग एवढी घाई कुणाची?"

कळप खदखदून हसला. बसून बसून म्हातारीची अक्कलही खुडूक झाली, असं कुणीसं म्हणालं. ठिपकीनेही दोरीकडे एकदा पाहिलं. पण बापाच्या तोंडावरचं तेज बघून तिने मान वळवली.

निरोप पुरा व्हायच्या आत उत्तर तयार झालं. ठिपकीला हळद चोळली: पंखांखाली, मांड्यांना, कुठे कसूर नाही. वरून मीठ ओवाळलं, ते तिच्यावरच सांडलं. मग तिला हंडीशेजारी बसवलं, तोंड भोकाकडे करून. तुरेराव बांग द्यायला खुंटावर चढले.

तेवढ्यात दोरीचं टोक आलं. टोकाला सुरी होती.

ओळीतलं काहीच हललं नाही. नारळ तोच, कांदा तोच, हंडी तीच. तुरेरावांची चोच उघडी होती, पण बांग काही बाहेर पडेना. सुरीमागून एक हात आत आला, तोवर हळद छान मुरली होती.