फांदीवाली

त्या मुलखात मोर डोंगरावर राहत आणि बाकीचे सगळे दरीत राहत. दरीतल्यांना डोंगर चढायला मनाई नव्हती. फक्त वेळ नव्हता. दिवसभर पोटामागे धावायचं, बिबट्यापासून जीव वाचवायचा, आणि संध्याकाळ झाली की मोरांचं काय चाललंय ते ऐकायला करंजाखाली जमायचं, असा तिथला शिरस्ता होता. आपली पिलं किती हे धड न सांगता येणारी घूस, कुठल्या मोराचं कुणाशी बिनसलंय ते मात्र घडाघडा सांगे.

करंजाला एक आडवी फांदी होती. बातम्या सांगणाऱ्याने तिच्यावर बसायचं. ती फांदी अप्पा नावाच्या एका म्हाताऱ्या सरड्याच्या ताब्यात होती. अप्पाला मोरांशी काही देणंघेणं नव्हतं. गर्दी जमली की तिच्या घामावर चिलटं जमत, आणि चिलटं हे अप्पाचं जेवण. फांदीवरून कोण काय बोलतंय यापेक्षा चिलटं किती दाट आहेत एवढंच तो पाही. पूर्वी तिथे एक पारवा बसायचा. कुठला झरा आटला, बिबट्या कुठल्या वाटेने गेला, असलं काहीबाही तो सांगायचा. ऐकणारे पेंगायचे आणि उठून जायचे. एके दिवशी अप्पाने त्याला खाली उतरवलं. त्यानंतर बिबट्या कुठून येतो हे दरीत कुणालाच कळेनासं झालं. तक्रार मात्र आली नाही. ज्यांनी केली असती ते उरले नव्हते.

बकुळा नावाची साळुंकी तेव्हा गव्यांच्या पायांमागे फिरून किडे टिपत असे. गवा पाऊल कुठे टाकील याचा नेम नसतो. तिची आई अशाच एका पावलाखाली गेली होती, आणि गव्याने खाली पाहिलंसुद्धा नव्हतं. आई गेल्याचं दुःख बकुळाला झालंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे न पाहणं. तिने मनाशी पक्कं केलं, की आपण अशा ठिकाणी बसायचं जिथे सगळ्यांची नजर आपल्यावर असेल. जगलो तर बघतील, मेलो तरी बघतील.

तिच्यापाशी गळा होता. कुणाचाही आवाज ती हुबेहूब काढी. रिकामी फांदी पाहून ती एक दिवस डोंगरावर गेली. चंद्रहास नावाच्या मोराचं गळलेलं एक पीस तिला कड्याखाली सापडलं. संध्याकाळी ते पीस पायाखाली धरून ती फांदीवर उभी राहिली आणि चंद्रहासच्या आवाजात बोलू लागली, "मी आज नाचलो नाही. जिच्यासाठी नाचायचं, तीच आली नाही."

गर्दीच्या अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतली घूसमावशी पदर असता तर डोळ्यांना लावती. चिलटांचा ढग इतका दाट झाला की अप्पाला जीभ बाहेर काढून नुसतं बसून राहिलं तरी पुरलं. त्याच दिवशी फांदी बकुळाची झाली आणि त्याच दिवशी दरीत एक रीत पडली. सांगणाऱ्याने पायाखाली पीस धरायचं आणि 'मी' म्हणत त्या मोराच्या आवाजात बोलायचं. पीस ज्याचं, दुःख त्याचं. पिसाशिवाय बोललेलं ते खोटं.

रीत रुजली तशी गर्दी तिच्यात तरबेज झाली. घूसमावशी तर पिसाच्या डोळ्यातला निळा नुसता पाहून सांगे, हा उत्तरेच्या कड्यावरचा, हा धाकटा, याला परवा खोकला झाला होता. पीस दाखवून झालं की ते खाली टाकायचं, आणि ज्याला मिळेल त्याने ते बिळात नेऊन खोचायचं. दरीतल्या एकेका बिळात दाणा नसायचा, पण पिसं चार-चार असायची. बकुळाचं नाव मात्र कुणी विचारलं नाही. तिला फांदीवाली म्हणत. तिला तो मान वाटायचा.

डोंगरावर तिचं जाणंयेणं सुरू झालं. मोरांची पिसं वर्षातून एकदाच गळतात आणि दरीत संध्याकाळ तर रोज होते. पण अडलं नाही. ज्याच्याबद्दल दरीत बोललं जात नाही त्या मोराला आपण मेलो की काय अशी शंका येऊ लागली होती. तरुण मोर आपणहून पीस उपटून देत. भांडण झालं की दोन्हीकडची पिसं तिच्याकडे येत. कुणी दिलंच नाही, तर मोर झोपलेला असताना ती एक हळूच ओढून घेई. तो दचकून उठायचा, संध्याकाळी दरीतून आपल्या नावाचा गलका ऐकायचा आणि खूश होऊन पुन्हा झोपायचा. बकुळा त्यांच्या बैठकीत मधोमध बसू लागली. आपण त्यांच्यातल्याच आहोत असं तिला वाटू लागलं. खाली जाताना ती 'दरीतले लोक' असं म्हणायची, जणू स्वतः कधी तिथे नव्हतीच.

घरी तिची दोन अंडी होती. एका हंगामात ती रात्रीही डोंगरावरच राहू लागली आणि एकदा घरी परतली तेव्हा अंडी गार पडली होती, जोडीदार निघून गेला होता. तिने तासभर घरट्याकडे पाहिलं. मग गळा साफ केला आणि फांदीवर जाऊन एका मोराच्या लग्नाची बातमी सांगितली.

डोंगरावर तिचं नाव विचारणारा एकटा चंद्रहास होता. "इतकी वर्षं येतेस, तुला हाक काय मारायची?" असं त्याने विचारलं होतं, आणि त्यानंतर तो तिला नावानेच बोलावी. पुढे त्याला कसलासा रोग जडला. पिसारा झडला, पंखही विरळ झाले. तो करवंदीच्या जाळीत लपून राहिला आणि त्याने फक्त बकुळाला बोलावून घेतलं.

"बकुळा, नवी पिसं येईपर्यंत मी इथे आहे हे कुणाला कळू देऊ नकोस," तो म्हणाला. "मला उडता येत नाहीये. बिबट्याला सुगावा लागला तर संपलंच."

"माझ्या गळ्याची शपथ," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. निघताना जाळीबाहेर पडलेलं त्याचं एक फाटकं पीस तिने उचललं. आठवण म्हणून.

त्याच दिवसांत पलीकडच्या बाभळीवर बसून एक कोतवाल पक्षीही मोरांच्या बातम्या सांगू लागला होता. त्याचा आवाज कोवळा होता आणि तो आणी ती मोरपिसं ताजी, रक्ताचा टिपका असलेली. करंजाखाली निम्मी जागा मोकळी पडू लागली. अप्पाचा रंग मातकट झाला.

"वर बघ," अप्पा म्हणाला. "एक तरी चिलट दिसतंय का?"

"उद्या चांगलं काहीतरी आणते, अप्पा."

"उद्या तू गव्यांमागे असशील. आज काय आहे ते सांग."

बकुळाच्या डोळ्यांपुढे ते पाऊल उभं राहिलं. तिने ठरवलं, तो आजारी आहे एवढंच सांगायचं, कुठे आहे ते नाही. फाटकं पीस पायाखाली घेतलं. पीस दिसताच घूसमावशी किंचाळली, "अगंबाई, चंद्रहास! काय ही दशा!" बाभळीखालचे धावत आले. बकुळा चंद्रहासच्या आवाजात बोलू लागली, आणि आवाज असा लागला की ती स्वतःच हेलावून गेली. गर्दी रडत रडत विचारत होती, कुठे आहेस, कुठे आहेस रे राजा? आणि इतक्या प्रेमाने विचारणाऱ्यांना उत्तर न देणं तिला जमलं नाही. "मी करवंदीच्या जाळीत आहे," चंद्रहासचा आवाज म्हणाला. "मला उडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरी पहिल्यांदाच डोंगर चढली. सगळे त्याला धीर द्यायला आले होते, त्यात खोट नव्हती. प्रत्येकाने त्याला कुरवाळलं, आणि जाताना आठवण म्हणून एकेक पीस घेतलं. तो नको नको म्हणत होता, पण तो आवाज त्यांनी फांदीवरून इतक्यांदा ऐकला होता की प्रत्यक्षात तो त्यांना जरा चिरका वाटला. दुपारी सगळे उतरले. त्यांनी तुडवून रुंद केलेल्या वाटेने बिबट्या वर गेला.

त्या संध्याकाळी करंजाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बकुळाने पीस धरलं आणि म्हणाली, "मी चंद्रहास. मी आता नाही." आणि तिला हुंदका फुटला. तो खरा होता. पण रडता रडता तिने पाहिलं की बाभळीखाली चिटपाखरूही नाही, कोतवाल एकटाच बसलाय, आणि मग ती लगेच थांबली नाही.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. मोर तिच्यापासून चार हात लांब राहू लागले. त्यातच एका तरुण मोराला शोध लागला, की पीस कड्यावरून वाऱ्यावर सोडलं तर ते आपोआप दरीत पोचतं. मग मोर आपापली पिसं आपणच सोडू लागले. दरीवर दिवसभर पिसं तरंगत. कोतवाल बिचारा उपाशी उडून गेला. बकुळा डोंगरावर गेली, तर ज्या तरुण मोराचं नाव तिने दरीत मोठं केलं होतं, तोच शेजाऱ्याला म्हणाला, "ही कोण? हाकला रे तिला." ती आली तशी परतली.

अप्पाने फार ताणलं नाही. "संध्याकाळी पीस आण," तो म्हणाला. "असं पीस, जे वाऱ्यावर येत नाही. नाहीतर फांदी सोड. पलीकडे एक पोपट विचारत होता."

दिवसभर बकुळा विचार करत बसली. खाली गवे चरत होते. आणि तिला एकाएकी सुचलं, की पीस आहे. इतकी वर्षं ही दरी रोज मान वर करून कुणाकडे बघत आली? माझ्याकडे. चंद्रहासला त्यांनी एकदाच पाहिलं, मला रोज. मग माझ्या पिसाला काय कमी आहे? तिने चोच पंखात घातली आणि पांढरा पट्टा असलेलं सगळ्यात चांगलं पीस उपटलं. दुखलं. मोरांना दुखत असेल हे तिच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

संध्याकाळी थोडीच मंडळी जमली. बकुळाने पीस पायाखाली धरलं आणि ती स्वतःच्या आवाजात बोलू लागली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. गव्याचं पाऊल सांगितलं. गार पडलेली अंडी सांगितली. त्या अंड्यांना मी चोच लावून पाहायलाही भ्याले, असं ती म्हणाली, आणि हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. बघतायत, बकुळाला वाटलं. अखेर मला बघतायत.

घूसमावशी पुढे आली. तिने पिसाला नाक लावलं, ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुणाचं गं हे?" ती म्हणाली. "ओळखू येत नाही."

गर्दीत खळबळ उडाली. घूसमावशीला ओळखू आलं नाही असं पीस दरीने पाहिलं नव्हतं. "दुसरं दाखव, म्हणजे कळेल!" भेकर ओरडलं. बकुळाने दुसरं उपटलं. "उत्तरेच्या कड्यावरचा कुणी रोगट असेल." तिसरं उपटलं. "अहो, लांडोर असेल, अंडी म्हणाला ना तो!" बातमी पसरली, तसे ससे आले, रानडुकरं आली. अशी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती. प्रत्येकजण पैजेने नाव सांगे आणि बाकीचे ते खोडून काढत. चिलटांचा ढग फांदीपर्यंत आला. अप्पा हिरवागार झाला आणि कुजबुजला, "थांबू नकोस." ती थांबली नाही. डावा पंख संपला तेव्हा तिने उजव्यात चोच घातली. शेपूट संपली. मग अंगावरचं बारीक. खाली पडलेली पिसं मात्र कुणी उचलत नव्हतं, कारण कुणाची ते माहीत नसताना बिळात खोचायची कशी?

शेवटी काही उरलं नाही. वारा सुटला होता, आणि बकुळाची उघडी कातडी थरथरत होती. आता झेप घेऊन खाली उतरणंही तिच्या हातात नव्हतं.

"सांगून टाक ना गं फांदीवाले," घूसमावशी काकुळतीला येऊन म्हणाली. "जीव टांगणीला लागलाय आमचा. नाव काय त्याचं?"

"बकुळा," ती म्हणाली.

हे नाव कुणी ऐकलंच नव्हतं. मग घूसमावशीचे डोळे चमकले. "नवा मोर!" ती ओरडली. "इतकी वर्षं डोंगरावर होता आणि आपल्याला पत्ताच नाही!"

आणि सगळी दरी उठली. ससे टाचा उंच करून, भेकरं माना ताणून, घुशी एकमेकींच्या पाठीवर चढून, करंजाकडे पाठ फिरवून डोंगराकडे तोंड करून उभी राहिली, आणि जीव तोडून हाका मारू लागली, "बकुळा! अरे बकुळा! एकदा दिस ना रे!"