साठ खड्ड्यांची आणि पाच रोपांची कहाणी

बायांनो, भरवसा कुणावर ठेवावा? पेढे वाटणाऱ्यावर, की कळशी वाहणाऱ्यावर? उत्तर मनात धरा, तांदूळ मुठीत धरा, आणि राईदेवीची कहाणी ऐका.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक राई होती. राईत झरा होता, झऱ्यावर नगर जगत होतं. पुढं राई विरळ झाली, झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. मग थोरांनी मंडळ काढलं. नगरशेठ अध्यक्ष झाले. राई राखण्याचा शंभर वर्षांचा आराखडा केला, चौकटीत बसवला, त्याला हार घातला. मग श्रावणात राईत गेले, हजार रोपं लावली म्हणून दवंडी पिटली, पेढे खाल्ले, घरी आले.

राईत पेढे वाटताना तिथं एक म्हातारी आली होती. अंगावर पाचोळा, हातात काठी. म्हणाली, "बाबांनो, लावलीत खरी. राखणार कोण?" शेठ म्हणाले, "आजी, आराखड्यात आहे सगळं. पेढा घ्या." दुसरं साल आलं. पुन्हा हजारांची दवंडी, पुन्हा पेढे. "बाबांनो, गेल्या सालची कुठं आहेत?" "आहेत की आजी. पेढा घ्या." तिसरं साल आलं. पुन्हा दवंडी, पुन्हा पेढे. "बाबांनो, झरा कुठं आहे?" तेव्हा कुठं शेठजींचा हात थांबला. झरा आटला होता.

काय म्हणावं या माणसांना! आमच्या दुकानी एक गिऱ्हाईक यायचं. दर सणाला नवी बरणी न्यायचं, तूप कधी न्यायचं नाही. वर सांगायचं, आमच्या घरी तुपाच्या बरण्या सात! अहो, पण पोळी कोरडीच ना?

असो. त्या नगरात एका वाण्याची धाकटी सून होती, येसू तिचं नाव. पोटुशी बाई, आणि पाण्याला दोन कोस चाल. एके दिवशी वाटेत कळशी टेकली, रडू लागली. म्हातारी पुढं आली. "लेकी, का रडतेस?" "आजी, सातवा सरतोय. बाळाच्या न्हाणाला पाणी कुठून आणू?" "मग मी सांगते तो वसा घे." "घेईन, आणि अर्ध्यावर सोडणार नाही."

"राईत पाच रोपं लाव. शेळीपासून राख, कुऱ्हाडीपासून राख, वणव्यापासून राख. लावलेलं मोजू नकोस, जगलेलं मोज. मेलं तर चारचौघांत सांग."

येसूनं पाच रोपं लावली. तांदळाचं धुवण घातलं, भाजीचं धुवण घातलं. सासू म्हणाली, "शेठ लावतात हजार, आमची राणी लावते पाच! पुरतील हो नगराला!" येसूला मुलगी झाली. न्हाण दोन कोसांवरच्या पाण्यानंच झालं. तरी वसा टाकला नाही.

मग चौथा श्रावण आला. मंडळ जमलं, पेढ्यांची ताटं आली. येसू लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. "पाच लावली, तीन मेली, दोन जगली." सगळे हसले. शेठ गोड बोलले, "सूनबाई, मेलेलं कशाला सांगायचं? मंडळाची शोभा जाते." मागून म्हातारी म्हणाली, "कशानं मेली, ते तर विचारा." येसू म्हणाली, "एक माझ्या आळसानं. दोन शेठजींच्या शेळ्यांनी."

हसू विरलं. मग लोक शेठजींची तीन हजार झाडं बघायला निघाले. बघतात तो काय, खड्डे साठ! दर साली रोपं त्याच साठांत, आणि आता त्यांत नुसत्या शेळ्यांच्या लेंड्या.

शेठजींचं तोंड उतरलं. त्यांनी म्हातारीपुढं हात जोडले. "आई, चुकलो. आता काय करू?" "हार आराखड्याला कशाला? आधी शेळ्या बांध. घरटी पाच रोपं दे, आणि सालातून एकदा खरी मोजणी कर."

शेठजींनी शेळ्या बांधल्या. येसूनं तीन रोपं नव्यानं लावली, पाचही जगवली. घरोघरची जगू लागली. लोक कुरकुरले, पण राखत राहिले. मुलगी पाच वर्षांची झाली. एके दिवशी राईत खेळताना ओरडली, "आई, माझे पाय भिजले!" येसू धावली. झरा फुटला होता. तिनं लेकीला तिथंच न्हाऊ घातलं. म्हातारी पुन्हा कुणाला दिसली नाही.

येसूला राईदेवी पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. साठ खड्ड्यांची कहाणी पाच रोपांनी सुफळ झाली, संपूर्ण झाली.

आता मुठीतले तांदूळ वाहा. आणि बायांनो, एवढी विनवणी ऐका. पुढल्या श्रावणात किती लावली ते सांगू नका. किती जगली, किती मेली, कशानं मेली, तेवढा हिशेब खरा ठेवा.